गाजर गवताची खाज : समज, गैरसमज आणि उपचार

आपल्या परतवाडा-अचलपूर भागात पाऊस लागला की रस्त्याच्या कडेला, धुऱ्यावर, पडीत वावरात, शाळेच्या पटांगणात आणि नालीच्या काठावर एक हिरवेगार झुडूप तरारून वर येते. पाने गाजराच्या पानासारखी चिरलेली असतात. दीड-दोन महिन्यांत त्यावर तांदळाच्या कणीएवढी पांढरी फुले येतात. कोणी त्याला गाजर गवत म्हणतात, कोणी काँग्रेस गवत. याच दिवसांत आपल्यापैकी काहींच्या पापण्या सुजतात, मान आणि कोपराच्या खोबणी खाजू लागतात, आणि खाजवून खाजवून कातडी काळी व जाड पडते. हिवाळ्यात जरा बरे वाटते, पुन्हा उन्हाळ्याच्या शेवटाला सुरू होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे अजूनही पुष्कळांना माहीत नाही. म्हणून हा लेख.

मी डॉक्टर नव्हे. बँकेच्या काउंटरवर बसणारा, कला शाखेचा पदवीधर माणूस आहे. पण काउंटरवर बसले की लोकांचे हात आणि चेहरे रोज दिसतात. आणि आपल्याकडे दवाखान्याच्या आधी माणूस शेजाऱ्याला, मेडिकल स्टोअरवाल्याला आणि ओळखीच्या बाबूला विचारतो. निदान त्या बाबूने तरी नीट वाचून उत्तर द्यावे या हेतूने जे वाचले, तज्ज्ञांकडून समजून घेतले, ते येथे मांडतो.

प्रथम या गवताची कुळकथा. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. मूळचे ते मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या अमेरिका खंडातील. आपल्या देशात त्याची ठळक नोंद झाली ती महाराष्ट्रातच. १९५१ साली पुण्यात कचऱ्याच्या ढिगांवर ते प्रा. परांजपे यांना दिसले, आणि १९५६ साली आर. एस. राव यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याविषयी लिहिले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ते देशभर पसरले. पी. एल. ४८० च्या अमेरिकन गव्हाबरोबर हे गवत आले असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण तारखा पाहिल्या तर हे जुळत नाही. पी. एल. ४८० हा अमेरिकेचा कायदा १९५४ चा, आणि त्याखाली भारताशी करार झाला १९५६ च्या ऑगस्टमध्ये. गवत तर त्याआधी पाच वर्षे पुण्यात उभे होते. त्यापूर्वीही परदेशातून धान्य येत होते, त्यातून बी आले असणे शक्य आहे. परंतु सगळा दोष एका करारावर टाकण्यात अर्थ नाही. काँग्रेस गवत हे नाव का पडले याच्याही दोन कथा आहेत. पांढऱ्या फुलांचे झुबके पांढऱ्या टोप्यांसारखे दिसतात म्हणून, ही एक. काँग्रेसच्या राजवटीत आले म्हणून, ही दुसरी. वाचकांनी आपापल्या आवडीप्रमाणे निवड करावी.

एका झाडाला हजारोंनी बी धरते. बी इतके हलके की वारा, पाणी, गाडीची चाके, बैलांचे खूर, शेणखत, यांतील काहीही त्याला पुरते. तीन-चार महिन्यांत एक पिढी पूर्ण होते, त्यामुळे ओल असली की वर्षातून अनेक पिढ्या निघतात. जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. त्याच्या आसपास दुसरी झाडे नीट वाढत नाहीत, कारण ते मुळांतून आणि पानांतून दुसऱ्यांची वाढ रोखणारी द्रव्ये सोडते.

आता खाज कशी होते ते पाहू. या झाडाच्या पानांवर, खोडावर आणि फुलांवर बारीक लव असते. त्या लवेत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. झाड हिरवे असताना हात लागला तर ते कातडीला लागतेच, पण खरा त्रास सुकलेल्या झाडाचा. ते सुकून त्याचा चुरा होतो, वाऱ्याने उडतो आणि उघड्या अंगावर बसतो. घामाने भिजलेल्या कातडीवर तो चांगला चिकटतो. म्हणून ज्याने गवताला कधी हातही लावला नाही अशा माणसालाही त्रास होऊ शकतो. नुसती वाऱ्याच्या दिशेला बसण्याची जागा पुरते.

हे विष नव्हे, हे लक्षात घ्यावे. विष असते तर सगळ्यांनाच बाधले असते. एकाच वावरात दहा बाया निंदायला बसतात आणि खाज एकीलाच सुटते. त्याचे कारण असे की शरीराची संरक्षण व्यवस्था काही माणसांत पार्थेनिनला शत्रू समजू लागते. हे एका दिवसात होत नाही. काही जण वर्षानुवर्षे या गवतात वावरतात, काही होत नाही, आणि मग चाळिशीत एकाएकी सुरू होते. रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशी एकदा पार्थेनिनची ओळख ठेवून बसल्या की ती ओळख त्या बहुधा विसरत नाहीत. पुढे जेव्हा जेव्हा चुरा अंगावर बसेल तेव्हा त्या पेशी धावून येतात आणि त्या लढाईत आपलीच कातडी लाल होते, सुजते, पाणी सोडते.

यातील महत्त्वाची गोष्ट अशी की ही लढाई लगेच होत नाही. चुरा अंगावर बसल्यापासून एक ते तीन दिवसांनी खाज सुरू होते. मंगळवारी धुरा साफ केला, खाज सुटली गुरुवारी. माणूस आठवतो ते बुधवारचे जेवण. त्यामुळे आपल्याकडे पहिले संकट येते ते वांग्यावर. वांगे बंद, मग आंबट बंद, मग अंडी-मटण बंद, मग हरभऱ्याची डाळ बंद. खाज चालूच. या आजारात पथ्याने फरक पडत नाही, आणि मजुरी करणाऱ्या माणसाच्या ताटातले डाळ-अंडे काढून घेणे म्हणजे त्याला उगीच अशक्त करणे होय. दुसरी समजूत रक्त खराब झाल्याची. रक्तशुद्धीच्या बाटल्या घरोघरी दिसतात. रक्त मुळीच खराब झालेले नसते.

हा आजार पुण्याच्या डॉ. लोणकर यांनी मिचेल आणि कॅल्नन या परदेशी त्वचारोगतज्ज्ञांसह १९७४ साली लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष त्याकडे गेले. त्यानंतर आपल्या देशात त्यावर पुष्कळ काम झाले. वनस्पतींमुळे होणाऱ्या त्वचादाहात भारतात हे गवत सर्वांत पुढे मोजले जाते. रुग्णांत मध्यम वयाचे शेतकरी आणि मजूर पुरुष जास्त दिसतात असे तज्ज्ञ लिहितात. माझे एक मत असे की निंदण बायाच जास्त करतात आणि दवाखान्यात त्याच सर्वांत उशिरा जातात. आकडे काढताना हेही पाहिले पाहिजे.

ओळखावे कसे? सुरुवात उघड्या भागावर होते. वरच्या पापण्या, कपाळ, मान, गळ्याखालचा शर्टाच्या उघड्या गुंडीजवळचा त्रिकोण, कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणी. कानामागे आणि हनुवटीखाली चट्टे दिसले तर संशय पक्का होतो, कारण तेथे ऊन पोहोचत नाही पण धूळ पोहोचते. पुढे काही रुग्णांत आजाराची चाल बदलते. मग उन्हाचाच त्रास होऊ लागतो, बारा महिने खाज राहते, आणि चेहऱ्याची व मानेची कातडी जाड, सुरकुतलेली, काळपट होते. काहींचा सगळा चेहरा सुजून गाठीगाठींचा दिसू लागतो.

येथे एका गोष्टीवर थांबणे भाग आहे. असा चेहरा पाहून लोक महारोग समजतात. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी ज्यांना जवळ केले त्यांच्याविषयीची भीती आपल्या जिल्ह्यात अजून पुरती गेलेली नाही. वास्तविक दोन्हींत मोठा फरक आहे. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर सहसा खाज नसते, उलट बधिरपणा असतो. टाचणी टोचली तरी कळत नाही. गाजर गवताच्या चट्ट्याला वारा लागला तरी माणूस कासावीस होतो. शिवाय कुष्ठरोगही आता औषधांनी पूर्ण बरा होतो आणि त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, म्हणून त्या रुग्णालाही दूर बसवण्याचे कारण उरलेले नाही. गाजर गवताची खाज तर एकाची दुसऱ्याला लागतच नाही. एका ताटात जेवले, एका अंथरुणावर झोपले, एकच दुपट्टा वापरला तरी लागत नाही. तरीही अशा माणसाला पंगतीत टोकाला बसवतात, पोरीची सोयरीक ठरताना बापाची मान पाहतात, पाण्याचा गिलास वेगळा ठेवतात. शिवाशिव म्हणजे काय हे आपल्या समाजाला कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही. गावाने आपल्याशी जे केले ते आपण आपल्या घरच्या खाजणाऱ्या माणसाशी करावे, हे मला तरी समजत नाही.

मात्र प्रत्येक खाज गाजर गवताची नसते. रात्री जास्त सुटणारी, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला पुरळ येणारी आणि घरातील दोघा-चौघांना एकदम होणारी खाज ही बहुधा खरूज. ती बारीक किड्याने होते आणि खरोखर लागट असते. तिचे मलम घरातील सर्वांनी एकाच दिवशी लावावे लागते, खाज असो वा नसो. वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. एका खोलीत एकाने औषध लावून उपयोग नाही. दुसरे गजकर्ण, ज्याला दाद किंवा नायटाही म्हणतात. ते बुरशीने होते. जांघेत, कमरेला करदोड्याखाली गोल कडा असलेला चट्टा उठतो, कडेने पसरतो आणि मधे निवळतो. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर हे गजकर्ण फार चिवट झाले आहे. त्यामागच्या बुरशीचा एक प्रकार नेहमीच्या औषधाला दाद देत नाही, आणि २०२० साली त्याला नाव देताना शास्त्रज्ञांनी त्यात आपल्या देशाचेच नाव गोवले. हा मान आपण कसा मिळवला याचे उत्तर बरेचसे पुढच्या परिच्छेदात आहे.

ते उत्तर म्हणजे ट्यूब. मेडिकलमध्ये जाऊन खाजेची ट्यूब द्या म्हटले की जी मिळते तिच्यात बहुधा तीन-चार औषधांची खिचडी असते आणि त्यात एक जोरदार स्टिरॉइड असते. स्टिरॉइडने दोन दिवसांत लाली आणि खाज बसते. गजकर्णावर ते लावले तर वरून बरे वाटते आणि आत बुरशी मोकाट वाढते. कडा पुसल्या जातात, मग डॉक्टरलाही ओळखणे कठीण होते. चेहऱ्यावर महिनोन्महिने लावले तर कातडी कागदासारखी पातळ होते, लाल रेषा उमटतात, आणि ट्यूब बंद केली की पहिल्यापेक्षा जास्त भडका उडतो. पापण्यांवर दीर्घकाळ लावल्यास डोळ्यात मोतीबिंदू किंवा काचबिंदू होऊ शकतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशा स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद करण्यासाठी नियम कडक केले. कागदावर ते आहेत. दुकानात जाऊन कोणीही स्वतः पाहावे.

याचा अर्थ स्टिरॉइड वाईट असा नव्हे. गाजर गवताच्या खाजेवर स्टिरॉइडचे मलम हेच पहिले औषध आहे. फरक इतकाच की कोणत्या जागी कोणत्या ताकदीचे, किती दिवस आणि किती, हे डॉक्टरने ठरवले पाहिजे. जाड पडलेल्या मानेला जे चालते ते पापणीला चालत नाही. पापणी आणि चेहऱ्यासाठी टॅक्रोलिमससारखी स्टिरॉइड नसलेली मलमेही आता आहेत. किती लावावे याचे एक सोपे माप आहे. आपल्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, पहिल्या घडीपासून टोकापर्यंत ट्यूबमधून एक रेघ काढावी. तेवढे मलम आपल्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते.

खाज फार पसरली तर डॉक्टर काही दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या देतात. या गोळ्या स्वस्त आहेत आणि त्यांनी एका रात्रीत आराम पडतो, हाच त्यांचा धोका. पुन्हा खाज आली की माणूस तीच जुनी चिठ्ठी दाखवून आणतो, असे करत वर्ष जाते. मग साखर वाढते, रक्तदाब वाढतो, चेहरा फुगतो, हाडे ठिसूळ होतात. बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम बंद करणेही घातक असते. ती हळूहळू उतरवावी लागते. गावोगाव फिरणाऱ्या वैदूच्या पुड्यांविषयी एवढेच सांगतो की ज्या पुडीवर आत काय आहे ते लिहिलेले नाही, तिने चमत्कारासारखा गुण आला तर आनंद मानण्याऐवजी शंका घ्यावी.

जुनाट रुग्णांसाठी अॅझाथायोप्रिन नावाची गोळी आहे. ती मुळात मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी वापरत. दिल्लीच्या एम्समधील त्वचारोगतज्ज्ञांनी गाजर गवताच्या आजारात तिचा उपयोग अभ्यासून दाखवला. तिने स्टिरॉइडची गोळी कमी करता येते. पण गुण यायला कित्येक आठवडे लागतात, तेव्हा आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देऊ नये. ती संरक्षण व्यवस्थेलाच आवर घालते, त्यामुळे रक्तातील पेशी आणि यकृत यांची तपासणी वेळोवेळी करावीच लागते, आणि ताप आला तर अंगावर काढून चालत नाही. वाताच्या रक्तदोषावर ॲलोप्युरिनॉल घेणाऱ्याने ते आधीच सांगावे. या दोन गोळ्या एकत्र धोकादायक ठरतात. दुसरी गोळी मेथोट्रेक्झेट. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतल्याने प्राणावर बेतते. घरात कोणाला ही गोळी असेल तर कॅलेंडरवर वार लिहून ठेवावा, आणि लिहिता-वाचता येणाऱ्या विद्यार्थ्याने ती जबाबदारी घ्यावी.

घरी करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला खर्च थोडा. वावरातून आल्याबरोबर, चहाच्या आधी, थंड किंवा कोमट पाण्याने चेहरा, मान, हात धुवावेत, शक्यतो आंघोळच करावी. कढत पाणी खाजेला तेवढ्यापुरते गोड लागते पण कातडी कोरडी करते. ब्रशने, दगडाने घासू नये. अंग टिपून ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे. अंगावरचे कपडे रोज धुवावेत आणि ते बाहेर, गवताच्या बाजूला वाळत घालू नयेत. कामावर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, गळ्याशी गुंडी लावलेली, आणि डोक्या-मानेभोवती धुतलेला दुपट्टा. तोच दुपट्टा आठ दिवस वापरला तर तो चुऱ्याचे पोते होतो. ज्यांना हा आजार पक्का आहे त्यांनी शेवंती आणि सूर्यफूल यांच्यापासूनही जपून असावे, कारण ती एकाच कुळातील झाडे आहेत. आणि घासलेट लावणारे लोक अजून भेटतात. कृपा करून लावू नका.

घर बदला, गाव बदला असे पुस्तकात लिहिलेले असते. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे त्याने कोठे जावे? मालकाला सांगून धुऱ्याच्या कामाऐवजी दुसरे काम मागता येते, संत्र्याची तोड किंवा प्रतवारी, एवढेच बहुधा हाती असते. म्हणून गवत काढणे हा उपचाराचाच भाग समजला पाहिजे. ते फुलावर येण्याआधी, पावसाने जमीन मऊ असताना, मुळासकट उपटावे. फुले नसतील तर त्याचे खतही होते. फुले आल्यावर उपटणे म्हणजे बी झाडून पेरणी करणे. हातमोजे आणि तोंडाला फडके अवश्य, आणि ज्याला खाज आहे त्याने या श्रमदानापासून दूर राहावे. त्याने चहा करावा. जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. आपल्याकडे त्या सुमारास झाड बहुतेक कोवळे असते, म्हणून तो आठवडा सोयीचा आहे.

विद्यार्थ्यांना आवडेल अशी एक गोष्ट येथे सांगतो. या गवताचा शत्रू असलेला एक भुंगा, झायगोग्रामा, १९८३ साली मेक्सिकोहून बंगलोरला आणला आणि चाचण्यांनंतर १९८४ पासून सोडला. पिवळसर पाठीवर काळपट नागमोडी रेषा असा तो दिसतो. पावसाळ्यात तो आणि त्याच्या अळ्या गवताची पाने फस्त करतात, कोरड्या दिवसांत तो जमिनीत दडून बसतो. १९९० नंतर कर्नाटकात तो सूर्यफुलावर दिसला आणि ओरड झाली, पण चौकशीअंती पिकाला त्याचा मोठा धोका नाही असे ठरले. एकट्याने तो गवत संपवू शकत नाही. दुसरा मदतनीस आपल्या ओळखीचा आहे, तरोटा. मृगाच्या पावसानंतर ज्याची कोवळी भाजी आपण खातो तोच. तो दाट उगवला की गाजर गवताला जागा देत नाही, म्हणून पडीत जागेत त्याचे बी टाकण्याची शिफारस शास्त्रज्ञ करतात. वऱ्हाडात तरोट्याचे बी विकत घ्यावे लागत नाही, दिवाळीनंतर शेंगा वाळल्या की रस्त्यावरून गोळा करता येते.

बँकेच्या अनुभवातली एक अडचण सांगून ठेवतो. हातालाही इसब असले की बोटांच्या रेषा पुसट होतात आणि यंत्रावर आधारचा अंगठा लागत नाही. म्हातारा माणूस तीन-तीन वेळा परत जातो. अशा खातेदाराने दुसरी बोटे लावून पाहावी, आधार केंद्रावर ठसे नव्याने नोंदवावेत, डोळ्यांच्या बुबुळाची सोय असेल तेथे ती मागावी, आणि पासबुक व सहीने काउंटरवर पैसे काढण्याचा हक्क आपल्याला आहे हे विसरू नये.

शेवटी तपासणीविषयी. खाज गाजर गवताचीच आहे हे पक्के करण्यासाठी पॅच टेस्ट असते. सुई नसते. पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या छोट्या पट्ट्या चिकटवतात, त्यात गाजर गवताचा अर्क असतो. दोन दिवस त्या तशाच ठेवायच्या, पाठ भिजवायची नाही, घाम येईल असे काम करायचे नाही. दोन दिवसांनी पट्ट्या काढून पाहतात आणि पुन्हा चौथ्या दिवशी पाहतात. म्हणजे किमान तीन खेपा. खाज फार भडकलेली असताना किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असताना ही तपासणी बरोबर येत नाही, म्हणून थंडीचे दिवस बरे. आधी अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवावे आणि तेथून अमरावती, अकोला किंवा नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागासाठी चिठ्ठी घ्यावी. जाताना आजवर लावलेल्या सर्व ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, आणि गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत बरोबर न्यावीत. खाज कोणत्या महिन्यात वाढते आणि कोणत्या महिन्यात कमी होते हे एका कागदावर लिहून न्यावे. चेहऱ्याला त्या दिवशी काही लावू नये.